अरण्यांचे वर्गीकरणकार सर हॅरी चॅम्पियन

पांढुर्णा-सौंसरचा मुलूख सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी पसरलेला आहे. खाली जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत काळी जमीन, कापसाची शेते व संत्र्यांचे बगीचे. उत्तरेकडे चढ लागला की साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि चार, व त्यांच्याही वर खडकाळ उतारांवर फिकट सालीची सालई. येथील माणसाला रानाचे प्रकार कोणी शिकवावे लागत नाहीत. सागबन निराळे, सालईबन निराळे, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या चिकण जमिनीतील पळसबन त्याहून निराळे, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी जाम नदीच्या पात्रात जे झाड रोवले जाते तेही पळसाचेच. हेच रान वनखात्याच्या दप्तरात मात्र एका त्रोटक चिन्हाने नोंदलेले आढळते : ५-ए/सी-१-बी. दाक्षिणात्य उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वनांपैकी कोरडे सागवन, असा त्या चिन्हाचा अर्थ. हिमालयाच्या बर्फरेषेपासून अंदमानच्या सदाहरित अरण्यांपर्यंत भारतातील प्रत्येक रानाला अशी एक जागा नेमून देणारे वनशास्त्रज्ञ म्हणजे सर हॅरी जॉर्ज चॅम्पियन. त्यांचे नाव सामान्य वाचकाच्या फारसे कानावर नसले, तरी गेली कित्येक दशके या देशातील वनाधिकाऱ्यांच्या प्रत्येक पिढीने ते परीक्षेसाठी पाठ केलेले आहे.

हॅरी चॅम्पियन यांचा जन्म १८९१ साली इंग्लंडमध्ये झाला. वर्गीकरणाचा व्यासंग त्यांच्या घरातच होता. वडील जॉर्ज चार्ल्स चॅम्पियन हे नामांकित कीटकशास्त्रज्ञ. १८७९ ते १८८३ या काळात त्यांनी ग्वाटेमाला, पनामा इत्यादी मध्य अमेरिकी प्रदेशांत भटकंती करून कीटकांचा प्रचंड संग्रह केला आणि पुढील सारे आयुष्य त्या संग्रहातील जाती ओळखून त्यांची वर्णने लिहिण्यात घालविले. टाचणीला टोचलेले भुंगेरे, त्यांच्याखाली बारीक अक्षरांतील चिठ्ठ्या आणि ओळीने मांडलेल्या पेट्या, अशा वातावरणात हॅरी आणि त्यांचे धाकटे बंधू फ्रेडरिक वाढले. पुढे दोघेही भारतात वनाधिकारी झाले. फ्रेडरिक यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला आणि रात्रीच्या अंधारात वाघांची छायाचित्रे टिपून कीर्ती मिळविली. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने शिकारी जिम कॉर्बेट यांच्याही मनावर परिणाम केला. थोरले हॅरी त्या मानाने पडद्याआड राहिले. वाघाच्या छायाचित्राला जे भाग्य लाभते ते वनप्रकारांच्या कोष्टकाला कोठून लाभणार?

ऑक्सफर्ड येथे शिक्षण पुरे करून १९१५ साली हॅरी चॅम्पियन हिंदुस्थानच्या वनसेवेत दाखल झाले. संयुक्त प्रांतात त्यांची नेमणूक झाली आणि कुमाऊँच्या डोंगरांशी त्यांचा संबंध आला. नोकरीतील फेऱ्यांमध्ये ते भुंगेरे गोळा करून वडिलांकडे धाडीत, व वडील इंग्लंडमध्ये बसून त्यांतील नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध करीत. १९२७ साली वडिलांचे निधन झाले, तोवर पितापुत्रांचे हे टपालातील शास्त्र चालू होते.

कुमाऊँमध्ये त्यांचे लक्ष वेधले ते चीड या वृक्षाने. चीडच्या कित्येक झाडांचे लाकूड सरळ नसते, दोरीला पीळ द्यावा तसे ते पिळलेले असते, आणि असे लाकूड फळ्यांसाठी निरुपयोगी ठरते. हा पीळ हवेमुळे येतो, जमिनीमुळे येतो, की बीजातूनच उतरतो, याचा शोध त्यांनी घेतला. बी कोठून आणले याला वृक्षसंवर्धनात किती महत्त्व आहे, हा विषय त्यांनी पुढेही सोडला नाही. परंतु चीडच्या रानाने त्यांच्यापुढे आणखी एक कोडे ठेवले असले पाहिजे. चीड हा वणव्याला तोंड देणारा वृक्ष. वारंवार आग लागली की बांज वगैरे रुंद पानांची झाडे मागे पडतात आणि चीड पुढे सरसावते. मग डोळ्यांसमोर दिसणारे चीडचे रान निसर्गाचे म्हणावे की माणसाच्या आगीचे? १९२१ साली सरकारी निर्बंधांनी चिडलेल्या कुमाऊँच्या ग्रामस्थांनी तेथील चीडची अरण्ये मोठ्या प्रमाणावर पेटवून दिली, तेव्हा हा प्रश्न नुसता शास्त्रीय राहिला नव्हता. रानाचे मूळ रूप कोणते आणि बिघडलेले रूप कोणते, हे ठरविण्यातच रानावर हक्क कोणाचा हा वादही दडलेला असतो. चॅम्पियन यांच्या पुढील साऱ्या कामात हे कोडे अधूनमधून डोके वर काढते.

पुढे ते डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेत वनसंवर्धनतज्ज्ञ म्हणून गेले. ही संस्था १९०६ साली स्थापन झालेली. तिची सध्याची भव्य इमारत १९२९ साली उभी राहिली. त्यांच्या आधी याच क्षेत्रात काम केलेल्या रॉबर्ट ट्रूप यांनी भारतीय वृक्षांच्या संवर्धनाविषयी तीन खंडांचा ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध केला होता. एकेका झाडाची माहिती त्यामुळे हाताशी आली. अडचण होती ती झाडांच्या समूहांची. प्रांतोप्रांतीचे अधिकारी आपापल्या सोयीने रानांना नावे देत. एका प्रांतातले मिश्र जंगल म्हणजे दुसऱ्या प्रांतातले पडीक रान. साग आणि साल सोडून जे काही उगवते त्याला किरकोळ म्हणून मोकळे व्हावे, ही तर सर्रास रीत होती, कारण त्या काळी रानाची ओळख त्यातून निघणाऱ्या लाकडाच्या किमतीवरून होई. मलबारात सागाची लागवड साधली म्हणून ती मध्यप्रांतात साधेलच असे नाही. पण का साधणार नाही हे सांगायला दोन्ही रानांची तुलना करता आली पाहिजे, आणि तुलनेसाठी नावे एक हवीत.

भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाचा वारसा येथे उपयोगी पडला आणि अपुराही ठरला. एक भुंगेरा दुसऱ्यापासून सुटा असतो. पेटीत तो कोठे टोचावा एवढाच प्रश्न. अरण्याला अशी कड नसते. ऐनाचे रान कोठे संपले आणि सालईचे कोठे सुरू झाले हे दाखविणारी रेघ डोंगरावर कोणी ओढलेली नसते. पावसाचे मान मैलामैलाला बदलते, उताराची दिशा बदलते, मातीचा थर पातळ होत जातो, आणि त्याबरोबर झाडांचा मेळ हळूहळू पालटतो. शिवाय जे आज दिसते ते उद्या तसेच राहील याची शाश्वती नसते. कुऱ्हाड, गुरे आणि वणवा यांनी त्याचे रूप सतत बदलत असते.

भारतातील अरण्यांची पर्जन्यमानानुसार विभागणी करण्याचा यत्न वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रांडिस यांनी १८७० नंतरच्या दशकातच केला होता. जर्मन शास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ साली साऱ्या पृथ्वीवरील वनस्पतीजीवनाचा आढावा घेऊन उष्णकटिबंधातील वर्षावन, पानझडी वन, काटेरी वन अशा कोटी रूढ केल्या. अमेरिकेतील क्लेमेंट्स यांनी असे प्रतिपादिले की कोणत्याही हवामानात वनस्पतींचा मेळ पायऱ्यापायऱ्यांनी वाढत अखेर एका परिपक्व अवस्थेला पोहोचतो. या तिन्ही धाग्यांतून चॅम्पियन यांनी स्वतःची पद्धत विणली. प्रथम उष्णमान, म्हणजे डोंगरी प्रदेशात मुख्यतः उंची, नंतर ओलावा, मग रानाची ठेवण, म्हणजे झाडे सदाहरित की पानझडी, किती उंच, किती थरांची, आणि सर्वांत शेवटी झाडांच्या जाती. स्वतःची निरीक्षणे आणि निरनिराळ्या प्रांतांच्या कार्ययोजनांत विखुरलेल्या नोंदी एकत्र करून त्यांनी भारत आणि ब्रह्मदेश यांतील वनप्रकारांची पाहणी १९३६ साली प्रसिद्ध केली. ग्रंथाला त्यांनी प्राथमिक पाहणी असे नाव दिले. हा केवळ विनय नव्हे. आपण ओढलेल्या रेघा तात्पुरत्या आहेत याची त्यांना पुरी जाणीव होती. ग्रंथ निघाल्यानंतर पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश भारतापासून राजकीयदृष्ट्या वेगळा झाला. रानांना अर्थातच त्याची वार्ता नव्हती.

या पद्धतीची किल्ली सातपुड्यात लावून पाहावी. वर्षाचे सात-आठ महिने कोरडे जात असल्याने येथील रान पाचव्या गटात, म्हणजे शुष्क पानझडी वनांत मोडते. त्यातील ए हे अक्षर दक्षिणेकडील सागाच्या मुलखाचे, तर बी उत्तरेकडील सालवृक्षाच्या मुलखाचे. साग आणि साल हे दोन राजवृक्ष मध्य भारतात एकमेकांना भेटतात. पचमढीच्या पठारावर वालुकाश्मावर साल उभा आहे आणि भोवतालच्या काळ्या पाषाणावर साग. पाऊस जवळजवळ तोच, पण खडक बदलला आणि वृक्ष बदलला. म्हणून नुसत्या हवामानावर भागत नाही. चॅम्पियन यांनी त्यासाठी निराळी अक्षरे योजिली. सी म्हणजे हवामानाने ठरविलेली परिपक्व अवस्था. ई म्हणजे जमिनीने ठरविलेले रान : खडकाळ उतारांवरील सालई, काही ठरावीक जमिनींवरील अंजन, चिकण मातीतील पळस. गुराख्याच्या पोराला जे ठाऊक असते तेच येथे कोष्टकात आले आहे. आणि तिसरे चिन्ह डीएस, म्हणजे अवनत अवस्था. तोड, चराई आणि आग यांनी मूळ रान खालावून उरलेली झुडपे या चिन्हाखाली येतात.

हे शेवटचे चिन्ह वरवर साधे दिसते. प्रत्यक्षात साऱ्या कोष्टकातील सर्वांत जोखमीचे तेच आहे. रान अवनत झाले असे म्हणायचे तर ते पूर्वी कसे होते हे माहीत असले पाहिजे, आणि बहुधा ते कोणी पाहिलेले नसते. अवनती कोणी केली हे तर चिन्ह मुळीच सांगत नाही. रेल्वेच्या रुळांखाली गेलेले शिसव-साग आणि गावकऱ्याच्या चुलीत गेलेली काटकी यांचा हिशेब एकाच अक्षरात बुडून जातो.

या अडचणीचे उत्तम उदाहरण डोंगरी वर्षावनांत सापडते. निलगिरी, अन्नामलाई व पळणी या पर्वतांच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण दीड-दोन हजार मीटर उंचीवर, घळींमध्ये बुटक्या, दाट, शेवाळाने माखलेल्या सदाहरित वृक्षांचे पुंजके असतात. तमिळ मुलखात त्यांना शोला म्हणतात. शोलाभोवती मैलोगणती गवताळ उतार असतात आणि थंडीत त्यांच्यावर दहिवर गोठते. शोलातील झाडे पाहावीत तर जांभळाच्या कुळातील, चाफ्याच्या कुळातील, दालचिनीच्या कुळातील, म्हणजे बव्हंशी उष्णकटिबंधाचेच वंशज; आणि त्यांच्या कडेला, हिमालयातून वाट चुकून आल्यासारखा, लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन. हे उष्णकटिबंधीय म्हणावे की समशीतोष्ण? चॅम्पियन यांनी उष्णमानाला अग्रमान दिला असल्याने शोला अकराव्या गटात, दाक्षिणात्य पर्वतीय आर्द्र समशीतोष्ण वन म्हणून गेला. विषुववृत्तापासून अवघ्या दहा-अकरा अंशांवरील रानाला समशीतोष्ण म्हणणे नंतरच्या अनेक अभ्यासकांना रुचलेले नाही.

गवताचा प्रश्न त्याहून बिकट होता. १९३८ साली याच विषयावर दोन वनशास्त्रज्ञांची मते एकमेकांसमोर उभी ठाकली. सी. आर. रंगनाथन यांच्या मते दहिवरामुळे झाडांची रोपे उघड्यावर जगतच नाहीत, म्हणून गवत हीही तेथील स्वाभाविक आणि स्थिर अवस्था आहे. एन. एल. बोर यांनी मात्र गवतामागे आग आणि चराई पाहिली. कोष्टकात दुसरा पक्ष जिंकला : निलगिरीचे गवत शोलाची अवनत अवस्था म्हणून डीएस या चिन्हाखाली नोंदले गेले. पुढे १९९३ साली निलगिरीच्या दलदलीतील पीटच्या थरांचे कार्बन-परीक्षण प्रसिद्ध झाले, तेव्हा तेथे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगातही, गवताचेच प्राबल्य होते असे दिसून आले. मधल्या काळात त्या उतारांवर विलायती बाभूळ आणि निलगिरीची झाडे लावण्याचे काम जोरात चालले होते. ते केवळ एका कोष्टकामुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. लागवडीची सुरुवात एकोणिसाव्या शतकातच झाली होती आणि तिची कारणे सरपण व उद्योग ही होती. तथापि जे गवत दप्तरात आधीच बिघडलेले रान ठरले, त्याची बाजू घेऊन उभे राहणे कोणालाही जड गेले असणार.

महाराष्ट्राच्या वाचकाला परिचित असे उदाहरण महाबळेश्वरचे. तेथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तरीही झाडे केरळातील वर्षावनासारखी उंच होत नाहीत. पाऊस चार महिन्यांत संपतो, जांभ्या दगडावरील माती पातळ असते आणि वारा सोसाट्याचा. चॅम्पियन यांनी या रानाला आठव्या गटात पश्चिमेकडील उपोष्ण डोंगरी वन म्हटले. पुढे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील पास्काल यांनी पश्चिम घाटाची नकाशेबंद पाहणी करताना त्याच रानाला तीन वृक्षांच्या नावांनी ओळखले : अंजनी, जांभूळ आणि पिसा. एकात हवामान बोलते, दुसऱ्यात झाडे. महाबळेश्वरच्या मधपाळाला दुसरे नाव लगेच पटेल. युरोपात ब्राऊन-ब्लांके यांनी मोजलेल्या चौकटीतील प्रत्येक वनस्पतीची नोंद करून समूह ठरविण्याची पद्धत घातली होती, आणि त्यांच्या हाताखाली शिकून आलेले मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्रा. एफ. आर. भरुचा यांनी ती आपल्याकडे आणली. सूक्ष्मतेत ती चॅम्पियन यांच्या पद्धतीहून सरस होती यात शंका नाही. परंतु खंडप्राय देशातील रेंजर एका फेरीत चौकटी मोजत बसू शकत नव्हता. त्याला रान पाहताच नाव सांगणारी किल्ली हवी होती, आणि ती चॅम्पियन यांनी दिली होती.

१९३९ साली ट्रूप यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी ऑक्सफर्डमधील वनशास्त्राच्या प्राध्यापकपदावर चॅम्पियन यांची निवड झाली. १९५९ पर्यंत ते त्या पदावर राहिले. पंचवीस वर्षांच्या भारतीय सेवेनंतर मायदेशी गेलेल्या अधिकाऱ्याने आठवणी लिहाव्यात आणि स्वस्थ बसावे, ही तेव्हाची सर्वसाधारण रीत. चॅम्पियन यांनी ती पाळली नाही. भारतातील वनांचा स्टेबिंग यांनी तीन खंडांत लिहिलेला इतिहास एफ. सी. ऑस्मास्टन यांच्यासह चौथा खंड काढून त्यांनी १९६२ साली पुढे नेला.

देशाची फाळणी झाली होती. त्यांची कोष्टके मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना वापरात होती. १९६५ साली, ज्या वर्षी दोन्ही देशांत युद्ध झाले त्याच वर्षी, पाकिस्तानच्या वनप्रकारांवरील ग्रंथ पेशावर येथून प्रसिद्ध झाला. त्यावर तीन लेखकांची नावे होती : इंग्रज चॅम्पियन, भारतीय सेठ आणि पाकिस्तानी खटक. वनशास्त्राच्या बाहेर या गोष्टीची दखल क्वचितच कोणी घेतली असेल.

एस. के. सेठ या भारतीय वनाधिकाऱ्यांच्या सहकार्याने चॅम्पियन यांनी आपली १९३६ ची पाहणी पुन्हा हाती घेतली. तेव्हा ते पंचाहत्तरीच्या घरात होते. स्वतःचा मान्यता पावलेला ग्रंथ उकलून पुन्हा बांधणे वृद्ध पंडितांना सहसा मानवत नाही. त्यांनी मात्र मधल्या बत्तीस वर्षांत जमलेल्या नोंदी घेऊन गट तपासले, उपप्रकार वाढविले, चिन्हे नव्याने लाविली आणि १९६८ साली सुधारित पाहणी सिद्ध केली. सहा प्रमुख विभाग, सोळा गट आणि त्यांखाली सुमारे दोनशे प्रकार, अशी ती रचना आहे. भारतीय वन सर्वेक्षण विभागाने २०११ साली देशाच्या वनप्रकारांचा जो नकाशासंग्रह काढला त्याचा पाया हीच रचना होती.

१९७९ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, सर हॅरी चॅम्पियन यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत त्यांची कोष्टके वनशास्त्राची होती. मृत्यूनंतर ती कायद्याची झाली. वनजमीन खाण, धरण वा रस्त्यासाठी द्यायची तर तिचे मोल किती धरावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २००८ साली न्यायालयाने जी दरपद्धती मान्य केली तिच्यात चॅम्पियन आणि सेठ यांचे सोळा गट सहा वर्गांत बसविण्यात आले. त्या दरांनुसार अतिदाट सदाहरित वा आर्द्र पानझडी वनाच्या एका हेक्टरला १० लाख ४३ हजार रुपये, तर पांढुर्णा-सौंसरसारख्या शुष्क पानझडी वनाच्या तितक्याच दाट हेक्टरला ८ लाख ८७ हजार रुपये. रान विरळ असेल तर हाच आकडा ६ लाख २६ हजारांवर येई, आणि काटेरी वनाच्या विरळ हेक्टरला ४ लाख ३८ हजार. हे दर २०२२ साली वाढविण्यात आले, पण वर्गांचा आधार तोच राहिला. वृक्षसंवर्धनाचे प्रयोग एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून ज्या रेघा एका वनसंवर्धनतज्ज्ञाने प्राथमिक म्हणून ओढल्या, त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे आता लाखांचा फरक पडतो. आणि मोह वेचणाऱ्या, तेंदूपाने तोडणाऱ्या माणसाचे त्या रानात काय होते, याचा रकाना त्या कोष्टकात नाही.

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. सिल्लेवानी घाटाच्या चढावर साग संपून सालई कोठे सुरू होते ते उन्हाळ्यात, पाने झडल्यावर, सर्वांत स्पष्ट दिसते.